दोन दिवसांच्या प्रशिक्षणात काय शिकवायचं?

वाचकाचं पत्र

पुणे स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या मुलांसाठी आमची छोटी संस्था दिवसाचं केंद्र आणि रात्रीचा निवारा चालवते. एमएसडब्ल्यू करून मी इथे समन्वयक म्हणून लागले. आमच्याकडच्या बहुतेक मुलांना सोल्यूशनची, म्हणजे पंक्चर काढायचा चिकट द्रव हुंगायची, नशा आहे. देणगीदारांनी कर्मचाऱ्यांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पैसे दिलेत आणि ते मलाच आखायचंय. डॉक्टरांचं व्याख्यान, व्यसनातून बाहेर आलेल्या एका गृहस्थांचं अनुभवकथन, कायद्याची माहिती आणि शेवटी प्रमाणपत्रं, असा आराखडा वरिष्ठांनी दिलाय. मला तो पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. अलीकडे बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा नशेत आला, तेव्हा आमच्या काळजीवाहक ताईंनी त्याच्या कानाखाली मारली. तो गेला तो अजून आलेला नाही. 'नशा सोडलीस तरच आत ये' असा नियम करावा, असं काही सहकारी म्हणतात. प्रशिक्षणात नेमकं काय शिकवू? आणि खरं सांगा, ही मुलं यातून सुटतात का?

उत्तर

तुम्हाला आराखडा पटला नाही, यातच अर्धं काम झालंय. सोल्यूशन वाईट असतं हे तुमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे. ते मुलांनाही ठाऊक आहे. कुणाला ठाऊक नाही ते हे, की रात्री दहा वाजता तोंडाशी फडकं धरलेलं पोर दारात उभं राहिलं तर आपण काय बोलायचं, काय बोलायचं नाही आणि हात कुठे ठेवायचे. तुमच्या काळजीवाहक ताईंना त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही, म्हणून हात उठला. प्रशिक्षण द्यायचं ते अशा क्षणांचं. माहिती त्या क्षणांच्या पोटात घालून द्या, वेगळं व्याख्यान नको.

पहिला प्रसंग हाच घ्या, नशेतलं मूल समोर आलंय. कर्मचाऱ्यांना जोड्या करून हा प्रसंग करायला लावा, एक जण मूल, एक जण ताई. लाजतील, हसतील, होऊ द्या. मग थांबवून डॉक्टरांना बोलू द्या, आणि डॉक्टरांनी सगळ्यात आधी हे सांगायला हवं: पंक्चरच्या सोल्यूशनमध्ये, थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रव्यं असतात. ती हुंगल्यावर काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतात आणि हृदयाला अशा अवस्थेत आणतात, की अचानक भीती वाटली, पळावं लागलं, तर अ‍ॅड्रेनलिनच्या झटक्यानं हृदयाची लय बिघडून मूल जागच्या जागी दगावू शकतं. पहिल्यांदाच हुंगणाऱ्या मुलाच्या बाबतीतही हे होऊ शकतं. म्हणजे नशेतल्या पोराच्या मागे धावणं, त्याच्यावर ओरडणं, हातातलं फडकं हिसकावणं, मारणं, या सगळ्यात त्याच्या जिवाला धोका आहे. स्टेशनवर काठी आपटत पोरांना पळवणाऱ्या हवालदारांना हे कुणी कधी सांगितलेलं नसतं. शिस्तीचा मुद्दा म्हणून सांगितलं तर ते वाद घालतात. जिवाचा धोका म्हणून सांगितलं की बहुतेक जण ऐकतात, कारण आपल्या हातून मूल मरावं असं कुणालाच वाटत नाही.

मग करायचं काय, ते हातानं करून दाखवा. आवाज खाली. मुलाचं नाव घ्यायचं. मोकळ्या हवेत न्यायचं, जवळपास कुणी विडी-काडी पेटवत असेल तर त्याला लांब करायचं, कारण ही द्रव्यं भडकन पेट घेतात. बसवायचं, गुंगीत असेल तर कुशीवर झोपवायचं, तोंडात पाणी-बिस्किट कोंबायचं नाही. कुणीतरी शेजारी बसून राहायचं. शुद्ध हरपली, झटके आले, श्वास नीट चालत नसेल तर लगेच 108 ला फोन. तुमच्यापासून ससून रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तरी रिक्षा शोधत बसू नका. आणि त्या वेळी उपदेशाचा एक शब्दही काढायचा नाही. तो ऐकूच येत नाही.

बोलायचं ते सकाळी, मूल शुद्धीवर असताना, खाऊन झाल्यावर. हा तुमचा दुसरा प्रसंग आणि मी यावर सगळ्यात जास्त वेळ देईन, शक्य असेल तर पहिल्या दिवसाची पूर्ण दुपार.

आपण मोठी माणसं पहिला प्रश्न विचारतो, "का रे ओढतोस?" मुलाच्या कानाला तो आरोप वाटतो, मग मान खाली जाते आणि विषय संपतो. त्याऐवजी असं बोलून बघायला लावा:

"ओढल्यावर काय बरं वाटतं?"
"भूक नाय लागत. थंडी नाय वाजत."
"अजून?"
"रात्री भीती नाय वाटत. पोलिसाची, मोठ्या पोरांची."
"आणि कधी नको वाटतं?"
"सकाळी डोकं फुटतं. पायात जीव नसतो. शिडी चढताना पडलो."

इथे थांबायचं. "बघ, म्हणूनच सांगते" असं म्हणायचं नाही. "पायाचं तू सांगितलंस ते मला महत्त्वाचं वाटतं, डॉक्टरांना दाखवू या का?" एवढंच. नशेनं मुलाला काय मिळतं ते आपण ऐकून घेतलं, की तिनं काय नेलं ते मूल स्वतः सांगतं. त्याच्या तोंडून आलेलं कारण त्याचं असतं, आपण दिलेलं कारण आपलंच राहतं. समुपदेशनात या पद्धतीला प्रेरणात्मक मुलाखत म्हणतात. दोन दिवसांत ती कुणाला साधत नाही, पण "का" ऐवजी "काय" आणि "कधी" विचारायची सवय दोन दिवसांत नक्की लागते.

या संभाषणात डॉक्टरांचं उरलेलं काम येतं. काही सोल्यूशनमध्ये हेक्झेन असतं, त्यानं पायांच्या नसा दुबळ्या होतात. टोल्युइननं तोल जातो, स्मरण आणि ऐकणं बिघडतं, पोटॅशियम उतरून अंगातली ताकद जाते. म्हणजे 'आळशी', 'बहिरं सोंग घेतो', 'शिकवलेलं ध्यानात ठेवत नाही' अशी लेबलं ज्या मुलांना लागलेली असतात, त्यांच्यातल्या काहींना तपासणीची गरज असते. ओठांभोवती, नाकाखाली पुरळ, कपड्यांना रंगासारखा वास, या खुणा तुमच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मावशींनाही ओळखता यायला हव्यात.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी ठासून सांगायला हवी. सोल्यूशन सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणं, मळमळ, डोकेदुखी असा त्रास काही दिवस होतो, आणि त्यावर खास असं औषध नाही. खाणं, झोप, माणूस जवळ असणं हेच बरंचसं औषध. पण मूल झोपेच्या गोळ्या घेत असेल, रोज दारू पीत असेल, तर एकदम बंद केल्यानं झटके येऊ शकतात. तिथे 'आजपासून बंद' असा बाणा चालत नाही, आधी डॉक्टर. आणि एकच पदार्थ घेणारी मुलं कमी असतात. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगासाठी 'एम्स'नं केलेल्या पाहणीत (2013) देशभरातल्या 135 ठिकाणच्या, नशा करणाऱ्या 4024 मुलांशी बोलणं झालं होतं. त्यात 83 टक्के मुलं तंबाखू, जवळपास 68 टक्के दारू आणि जवळपास 35 टक्के हुंगण्याचे पदार्थ घेत होती. म्हणजे आकडे एकमेकांवर चढलेले आहेत. तुमच्या मुलाला फक्त सोल्यूशनबद्दल विचारून थांबू नका.

'नशा सोडलीस तरच आत ये' हा नियम करू नका. या एका मुद्द्यावर वरिष्ठांशी वाद घालावा लागला तरी घाला. मूल नशा का सोडेल? भूक, थंडी, भीती आणि एकटेपणा कमी झाला तर सोडेल. या चारही गोष्टी तुमच्या दाराच्या आत आहेत. त्या मिळवायला आधी नशा सोड, असं आपण त्याला सांगतोय. ज्याला ते जमेल त्याला तुमची फारशी गरजच नाही. सहकाऱ्यांची काळजी मात्र खोटी नाही, लहान मुलांसमोर कुणी ओढत बसलं तर? त्यासाठी नियम वेगळा करा. सोल्यूशन आत येणार नाही, मूल येईल. नशेत असेल तर वेगळ्या कोपऱ्यात, मोठ्या माणसाच्या नजरेखाली झोपेल. वस्तू बाहेर ठेवून आलास का, एवढंच दारात विचारायचं. आणि चार दिवस बरा राहून पुन्हा ओढून आला, तर "दिलास ना धोका" हे वाक्य तुमच्या संस्थेत कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. पुन्हा घसरणं हा बरं होण्याच्या वाटेवरचाच भाग आहे. परत आला, याची नोंद आधी करा.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2000 साली रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचं साहित्य काढलं. त्यातली एक मांडणी जुनी असली तरी मला आजही उपयोगी वाटते. फळ्याचे दोन भाग करायचे. एका बाजूला मुलाला नशेकडे ढकलणाऱ्या गोष्टी: त्याच्यावरचा ताण, आजूबाजूला ही नशा किती नेहमीची झालीय, आणि तिचा त्याला होणारा परिणाम. दुसऱ्या बाजूला त्याला धरून ठेवणाऱ्या गोष्टी: नाती, अंगातली कौशल्यं, हाताशी असलेली साधनं. तुमच्या त्या निघून गेलेल्या मुलाला या फळ्यावर मांडा, नाव न लिहिता. तो कुठल्या गाडीनं आला, लातूरची की सोलापूरची? घरी कोण मारायचं? बाटल्या गोळा करून भंगारवाल्याकडे किती मिळतात, त्यातले मोठी पोरं किती काढून घेतात? कुणाबरोबर झोपतो? गाणं म्हणतो का, आकडेमोड पक्की आहे का, लहान पोरांना सांभाळतो का? डावी बाजू भराभर भरेल. उजवी भरायला घेतली की कर्मचारी गप्प होतील. आपण या मुलाबद्दल किती कमी जाणतो, हे त्यांना कुणी न सांगता कळेल, आणि पुढच्या महिन्याचं काम त्या रिकाम्या जागांतूनच निघेल.

अनुभवकथनाबद्दल. व्यसनातून बाहेर आलेल्या गृहस्थांना बोलवायला हरकत नाही, पण चाळिशीतल्या माणसाची दारूची कहाणी आणि अकरा वर्षांच्या पोराचं सोल्यूशन यांत फार अंतर आहे. घर, बायको, नोकरी गमावणं हे त्या पोराला लागू होत नाही, गमावायला त्याच्याकडे होतं काय? त्यापेक्षा याच फलाटांवर वाढलेले आणि आता कामधंद्याला लागलेले कुणी दोघे तरुण मिळाले तर त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलवा. प्रशिक्षक म्हणूनच, म्हणजे डॉक्टरांसारखंच मानधन देऊन. त्यांना रडवणारी गोष्ट सांगायला लावू नका. मोठ्या माणसांनी तुमच्याशी काय बोललेलं उपयोगी पडलं, काय बोललेलं लागलं, कोणत्या दारात पुन्हा गेलात आणि कोणत्या नाही, हे विचारा. सडलेल्या फुफ्फुसांची चित्रं वगैरे पूर्ण गाळा. भीती मुलांकडे आधीच भरपूर आहे.

कायद्याचं सत्र लहान ठेवा, पण पोलिसांना आणि तुमच्या माणसांना एकाच खोलीत बसवून घ्या. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे रस्त्यावर राहणारं, नशेच्या तावडीत सापडण्याजोगं मूल हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' आहे, गुन्हेगार नाही. ताब्यात आलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. व्यसनी मुलाला उपचारांसाठी योग्य केंद्रात पाठवण्याची तरतूद कलम 93 मध्ये आहे. मुलाला दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्याला कलम 77 खाली आणि मुलाकरवी ते विकणाऱ्याला कलम 78 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पंक्चरचं सोल्यूशन मात्र सायकलच्या दुकानात उघड मिळतं, त्यामुळे तिथे कलमांपेक्षा दुकानदाराशी ओळख कामाला येते. मालधक्का चौकापासून मंगळवार पेठेपर्यंत कोणती दुकानं मुलांना ट्यूब विकतात, हे तुमच्या पोरांना पाठ असतं. तिथे जाऊन बसा, चहा घ्या, त्या हृदयाच्या धोक्याबद्दल सांगा. सगळे ऐकणार नाहीत. जे ऐकतील त्यांना तुमचा फोन नंबर द्या.

कायद्याचाच एक भाग मात्र घाईत उरकू नका. नशा आणि लैंगिक शोषण या मुलांच्या आयुष्यात पुष्कळदा एकत्र येतात. सोल्यूशनच्या बदल्यात, निजायच्या जागेच्या बदल्यात. मूल विश्वासानं सांगू लागतं आणि आपला भावुक कार्यकर्ता म्हणतो, "सांग, मी कुणाला सांगणार नाही." मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मग तो शब्द मोडावा लागतो आणि मूल कायमचं तुटतं. म्हणून प्रत्येकाला हे वाक्य तोंडपाठ करून घ्या: "तू सांगितलेलं मी उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल, तुझ्या जिवाला धोका असेल, तर ते मला एकटीला ठेवता येणार नाही. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन." हे वाक्य पहिल्या ओळखीच्या दिवसांत बोलायचं, मूल रडत असताना नव्हे.

आता काळजीवाहक ताई. मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेत कर्मचाऱ्यानं मुलाला मारणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 82 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दहा हजार रुपये दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. हे त्यांना स्पष्ट शब्दांत आणि एकट्यात सांगा, आणि घडलं ते संस्थेच्या दप्तरी लिहून ठेवा. पण तेवढ्यावर थांबलात तर त्या पुढच्या वेळी फक्त कुणी बघत नाही ना, एवढं पाहतील. त्या किती तास सलग कामावर होत्या? किती मुलं एकट्या सांभाळत होत्या? नशेतल्या मोठ्या पोराची त्यांना भीती वाटते का? अशा कामात सगळ्यात कमी पगार, सगळ्यात जास्त तास आणि प्रशिक्षणाला बोलावणं सगळ्यात शेवटी, हे रात्रपाळीच्या माणसांच्या वाट्याला येतं. मुलं मात्र रात्रीच उलगडतात. म्हणून ताईंना, रखवालदाराला, स्वयंपाकाच्या मावशींना पहिल्या ओळीत बसवा. रेल्वे सुरक्षा दलाच्या आणि लोहमार्ग पोलिसांच्या रात्रीच्या शिपायांना, ससूनच्या अपघात विभागातल्या परिचारिकांना बोलवा. त्यांच्या साहेबांना उद्घाटनाला बोलावून शिपायांना विसरू नका.

प्रमाणपत्रं दुसऱ्या दिवशी देऊ नका. सहा महिन्यांनी द्या. दोन दिवसांनंतर दर महिन्याला दोन तास सगळे एकत्र बसा आणि एका मुलाबद्दल बोला: काय केलं, काय अडलं, आता कोण काय करणार. पहिले काही महिने बाहेरचं अनुभवी माणूस असेल तर उत्तम. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आपल्या शहरात आहे आणि केंद्र सरकारच्या योजनेत इतर संस्थांना शिकवण्याचं प्रादेशिक केंद्र म्हणून त्यांनी दीर्घ काळ काम केलंय, त्यांच्याकडे विचारा. कर्वे समाजसेवा संस्थेत विचारा. देणगीदारांना सांगा की दोन दिवसांच्या जेवणावळीत थोडी काटकसर करून हा वर्षभराचा खर्च भागवायचाय. मी देणगीदारांच्या बाजूनंही बसलेय, नीट मांडलं तर ते ऐकतात. मुलांसाठीचा 1098 आणि व्यसनमुक्तीसाठीचा 14446 हे दोन्ही नंबर भिंतीवर लावाच, पण आपल्या भागातून फोन केल्यावर प्रत्यक्षात काय होतं, कोण येतं, ते पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी समजून घ्या.

ही मुलं सुटतात का? हो, सुटतात. सगळी नाही, आणि एका फटक्यात नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'नं केलेल्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट दिसली. हुंगण्याचे पदार्थ हाच एक प्रकार असा, की ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. सुमारे 4.6 लाख मुलांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असा त्यांचा अंदाज होता. आकडा छातीत धस्स करणारा आहे, पण त्यातून मला आणखी एक कळतं. ही नशा बऱ्याच अंशी त्या वयाची आणि त्या जागेची आहे. झोपायला सुरक्षित जागा, दिवसभर करायला काही आणि नाव घेऊन हाक मारणारं एक माणूस मिळालं, की पुष्कळ मुलांची ओढ सैल पडते. काही तंबाखूवर येऊन थांबतात. काही दारूकडे वळतात, हेही खरं आहे. म्हणून 'किती मुलं व्यसनमुक्त झाली' हा एकच रकाना ठेवू नका, तो वर्षभर जवळजवळ रिकामा राहील आणि तुमची माणसं खचतील. किती रात्री छपराखाली झोपला, किती सकाळी खाऊन केंद्रावर आला, घरच्या गावाचं खरं नाव सांगितलं का, दवाखान्यात स्वतःहून गेला का, दोन ओढण्यांमधलं अंतर वाढलं का, हे लिहा. देणगीदारांच्या अहवालातही हेच द्या.

त्या मुलाला शोधायला मात्र प्रशिक्षणाची वाट बघू नका. तुम्ही स्वतः जा, बरोबर त्याला आवडणारं एखादं दुसरं पोर घ्या, आणि त्याला बघून धावू नका, त्याला येऊ द्या. मारलं ते चूक होतं, हे संस्थेच्या वतीनं तुम्ही त्याला सांगा. ताईंना जमत असेल तर त्याही सांगतील, पण त्यांना ओढून नेऊ नका. आणि दर महिन्याच्या बैठकीची पहिली तारीख दोन दिवसांचं प्रशिक्षण संपण्याआधीच ठरवा, ताईंच्या रात्रपाळीच्या वेळा बघून.